नळावरची तोडी

प्रोफेसरांनी गुरुजींना 'नळवाले' म्हटलं आणि सगळे हसले. मी पण हसले. बैठकीत बसल्यावर रागवायचं नाही असा आमचा शिरस्ता आहे, त्यामुळं दात दाखवणं भाग होतं. पण हसता हसता मनात म्हटलं, थांबा सर, तुमची चांगली जिरवते. आणि मी शब्दाची पक्की आहे, हे माझ्या सासरच्या कुणालाही विचारा.

आमची बैठक म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. रविवारी सकाळी वकीलसाहेबांच्या पुढच्या खोलीत सतरंजी पडते. एक तानपुरा, एक पेटी, वकीलसाहेबांचा तबला, आणि मुरमुऱ्यांच्या सुशीलाची मोठी परात. वकीलसाहेब अजून कोर्टात जातात, दिवाणी दावे चालवतात, आणि तबल्यावर हात पडला की अशिलाचा फोनसुद्धा उचलत नाहीत. प्रोफेसर कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. जन्मभर कापसाच्या जाती काढल्या, आणि फावल्या वेळात जगातलं सगळं गाणं ऐकून ठेवलं. तरुणपणी हैद्राबादला शिकायला होते तेव्हा दोन-चार वर्षं तालीमही घेतलेली, पण चारचौघांत गायचे नाहीत. मी पाटबंधारे खात्यात कारकून होते. बाकी मग कुणी शिक्षक, कुणी बँकेतले, येऊन-जाऊन असलेले.

आमच्यात गाणाऱ्यावरून भांडण होत नाही. ते होतं बंदिश रचणाऱ्यावरून. कोण खरा रचनाकार आणि कोण नुसता शब्दाला शब्द जोडणारा, ह्याच्यावर आमची निम्मी हयात गेली. एका जुन्या दरबारी रचनाकाराचं वकीलसाहेबांना फार वेड, आणि प्रोफेसरांना त्याचं नाव काढलं की ठसका लागतो. एकदा ह्या दोघांची त्याच्यावरून अशी जुंपली, की पुढचे दोन रविवार प्रोफेसर आले, बसले, पण वकीलसाहेबांशी बोलले नाहीत. सुशीला मात्र दोनदा घेतला. तिसऱ्या रविवारी वकीलसाहेबांनी कायदाच करून टाकला. "इथून पुढं ज्याला कुणाच्या बंदिशीला नाव ठेवायचंय, त्यानं आधी ती बसवायची. इथं, ह्या सतरंजीवर, ठेक्यात गाऊन दाखवायची. मग काय बोलायचं ते बोला. न गाता बोलायचं नाही."

ह्या कायद्यानं फार शांतता झाली. बँकेतल्या एका साहेबांनी एका तराण्याला 'बडबड' म्हटलं होतं. त्यांना तो तराणा गावा लागला. जीभ अशी अडकली बिचाऱ्यांची, की तेव्हापासून ते कुठल्याही बंदिशीला 'वा' शिवाय दुसरं काही म्हणत नाहीत. प्रोफेसर मात्र हुशार. ते बंदिशीला नाव ठेवायचे नाहीत, रचणाऱ्याला ठेवायचे. "मी कुठं बंदिशीबद्दल बोललो? मी माणसाबद्दल बोलायलोय," असं म्हणून नामानिराळे.

गुरुजी माझे गुरू. शाळेत संगीताचे मास्तर होते. प्रार्थना, समूहगीत, पंधरा ऑगस्ट, ह्यातच त्यांचा जन्म गेला असं गाव समजतं. पण संध्याकाळी त्यांच्या घरी मी ऑफिसातून सरळ जायची, भाजीची पिशवी दाराशी ठेवायची आणि शिकायला बसायची. ते बंदिशी करायचे. आणि त्या मथुरेकडच्या ब्रज भाषेत नाही, तर ज्या दखनी उर्दूत गल्लीतल्या बायका भांडायच्या, त्या दखनीत. त्यांचं म्हणणं असं, की ज्या भाषेत माणूस कधी कळवळलेला नाही त्या भाषेत त्यानं विरह कशाला गावा.

त्यांची तोडी रागातली बंदिश अशी होती:

नल पो खडी मैं, कब सूं खडी,
पानी की कुच भी खबर नै.

एवढीच स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग. येलदरी धरणातून पाणी येतं, आठ दिवसांनी येतं, दहा दिवसांनी येतं, कधी येतं कुणाला माहीत नसतं. परभणीत राहिलेल्या माणसाला ह्यात काही समजावून सांगायची गरज नाही. बाकीचे रचनाकार कृष्णाची वाट बघायला लावतात, गुरुजींनी नळाची लावली. लोक हसायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा गायले, तर मागच्या रांगेतून कुणीतरी बादली वाजवली. गुरुजी पण हसायचे आणि तिथंच थांबायचे, पुढं जायचे नाहीत. त्यामुळं ह्या बंदिशीला अंतरा आहे की नाही, ह्याचा गावाला कधी पत्ताच लागला नाही. ते मनावर घ्यायचे नाहीत. मी घ्यायची. मला ती बादली अजून ऐकू येते.

कारण ती बंदिश विनोदी नाही. तोडी गाणाऱ्याला विनोद करायची सोयच नसते, तो राग तसा नाही. आणि तिच्यात एक गोष्ट आहे जी मी दुसऱ्या कुठल्या बंदिशीत ऐकलेली नाही. ठेक्याची पहिली मात्रा म्हणजे सम. तिथं गाणारा आणि तबलेवाला भेटतात, आणि ऐकणारे मान हलवतात. सगळ्या बंदिशी समेवर शब्द आणून ठेवतात. गुरुजींनी समेवर काहीच ठेवलं नाही. 'कब सूं' म्हणायचं आणि गप्प व्हायचं. तबल्याची सम एकटीच वाजते. ती गेल्यावर मग 'खडी'. दर आवर्तनाला माणूस भेटायच्या जागी येतो आणि तिथं कुणी नसतं. हे ज्याला कळलं, तो हसत नाही.

गुरुजी गेले. पुढं माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि माझा वरचा आवाज गेला तो गेलाच. खालच्या सुरात गुणगुणते, शिकवू शकते, पण गायची म्हणून जी गायची ते संपलं. आणि ही तोडी माझ्याशिवाय कुणाला येत नव्हती. म्हणजे मी मेले की ती गेली. रात्रंदिवस मला दुसरं काही दुखत नव्हतं, एवढंच दुखत होतं.

त्या रविवारी विषय निघाला, मराठवाड्यात खरा रचनाकार म्हणावा असा कोण झाला. मी म्हटलं, आमचे गुरुजी.

प्रोफेसर प्रेमानंच हसले. ते वाईट माणूस नाहीत, हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं सांगत बसायला नको. म्हणाले, "ताई, गुरुजी लय भला माणूस. माझ्या दोन्ही पोरांना त्यांनी प्रार्थना शिकवली. पण रचनाकार? नळवाले गुरुजी आपले ते."

हशा झाला. तेवढ्यावर थांबले असते तर वाचले असते. पण हशा झाला की प्रोफेसरांना चेव येतो. "आणि ती तोडी घ्या. त्यांना समेवर काय टाकावं तेच सुचलं नव्हतं. म्हणून मोकळी सोडली आणि लोकांना सांगितलं, मुद्दाम सोडलीय."

मी चहाचा कप खाली ठेवला. "वकीलसाहेब, हे बंदिशीला नाव ठेवणं झालं का माणसाला?"

वकीलसाहेबांनी हातोडी बाजूला ठेवली. ते तबला लावत होते. कोर्टात करतात तसा चेहरा केला आणि म्हणाले, "बंदिशीला. शंकाच नाही."

"मग कायदा लागू?"

"लागू."

"अहो, मी गंमत करायलो," प्रोफेसर म्हणाले.

"कायद्यात गमतीला सूट नाही," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा त्या दरबारी रचनाकाराचा जुना हिशोब होता, तो त्यांनी तिथं चुकता करून घेतला.

"पण मला ती येत न्हाई. शिकवणार कोण?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

त्या दिवशी घरी जाताना मी ऑटो केला नाही. चालत गेले, जिंतूर रोडपर्यंत, उन्हात. इतका आनंद झाला होता.

तालीम माझ्या घरी, सकाळी. प्रोफेसर पहिल्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून, मोबाइलमध्ये तबल्याचं ॲप घेऊन आले. मी ॲप बंद करायला लावलं. म्हटलं, गुरुजींनी मला टाळीवर शिकवलं, तुम्हाला पण टाळीवरच. खुर्चीवर बसू दिलं नाही. चहा तालीम झाल्यावर. आणि पहिले तीन-चार दिवस तर शब्दच दिले नाहीत, नुसता तोडीचा गंधार लावायला लावला. तोडीचा गंधार फार उतरलेला असतो, जरासा वर लागला तरी तोंड आंबट होतं. प्रोफेसरांनी दुसऱ्यांच्या गंधारावर आयुष्यभर बोट ठेवलेलं. आता त्यांच्या गंधारावर मी बोट ठेवत होते. "वर लागायलाय, सर. अजून वरच. नाही. पुन्हा." मी 'पुन्हा' किती वेळा म्हटलं त्याचा हिशोब नाही, पण दर वेळी मला बरं वाटलं.

मग पाणी. नळाला पाणी येणार असं कळलं की मी मुद्दाम त्याच सकाळी तालीम लावायची. प्रोफेसरांच्या बंगल्यात बोअर आहे. त्यांनी जन्मात नळाची वाट बघितलेली नाही. मध्येच नळ खळखळला की मी म्हणायची, "उठा सर, तालीम बंद, बादल्या उचला." आणि प्रोफेसर इस्त्रीच्या पँटीचे पाय दुमडून माझ्या मोरीपासून हौदापर्यंत बादल्या न्यायचे. मला वाटलं होतं, एवढं केल्यावर तरी त्यांना त्या समेचा अर्थ कळेल. कुठलं काय. त्यांची फक्त कंबर धरली.

सम त्यांना जमेना. 'कब सूं' म्हणायचे आणि समेवर धाडकन 'खडी' आणून आदळायचे. इतक्या वर्षांची सवय, मान आधीच हलायची. मी गुडघ्यावर हात मारून सांगायची, "गप्प. गप्प राहायचं तिथं. लय अवघड हाय का गप्प बसणं?" ते म्हणायचे, "ताई, मी प्रोफेसर होतो. चाळीस-पन्नास मिनिटं बोलायची सवय हाय, गप्प बसायची न्हाई." आणि हसायचे. त्यांचं हे हसणं मला चालत नव्हतं. ज्याची जिरवायची तो असा खुशीत जिरवून घ्यायला लागला, की सगळी मजा जाते.

एक दिवस त्यांच्या मिसेसचा फोन आला. "ताई, ह्यांना काय शिकवायलाव तुमी? जेवताना म्हणतेत, मला भाजी, आणि थांबतेत. मी वाढू का नको वाढू? मग बऱ्याच वेळानं म्हणतेत, वाढ. सूनबाई म्हणती डॉक्टरला दाखवा." मी म्हटलं, वहिनी, दाखवू नका, सुधारणा व्हायलीय.

आणि खरंच व्हायली. हे मला सांगायचं नाही, पण सांगावं लागतं. त्यांचा आवाज चांगला होता. ऐकून ऐकून भ्यालेला आवाज, पण चांगला. गंधार हळूहळू खाली बसला. आणि एका सकाळी 'कब सूं' म्हणून ते थांबले, मी टाळी दिली, ती टाळी खोलीत एकटीच वाजली, आणि मग त्यांनी 'खडी' असं म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. मी तोंड फिरवलं आणि म्हटलं, "ठीक हाय. पुन्हा." त्यांना शाबासकी दिली नाही. गुरुजींना शहरानं दिली होती का?

आता अंतऱ्याचं. हे मला नीट सांगू द्या.

शेवटच्या आजारपणात गुरुजी मला म्हणाले होते, "तोडीचा अंतरा मला सुचत नाही. तू कर." एवढंच. माझ्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, हे ज्याला गुरू नाही त्याला कळायचं नाही. मी इतर काही रचलेलं नाही. पण तो अंतरा मी केला, ते गेल्यावर, महिनोन्‌महिने घासून. वरच्या षड्जावर चढणारा, दिमाखदार. शब्दही चांगले शोधले:

नैनन सों बरसे जल की धारा,
मोरी गगरिया रही रीती.

लागलीच माझं ऑपरेशन झालं. वरचा षड्ज माझ्याकडं राहिलाच नाही. म्हणजे माझा अंतरा कुणी भरल्या गळ्यानं गायलेला मी स्वतःसुद्धा ऐकलेला नव्हता. प्रोफेसरांना स्थायी बसल्यावर मी म्हटलं, हा अंतरा. कुणाचा ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गुरूनं सोपवलेलं काम शिष्यानं पुरं केलं की ते गुरूच्याच नावावर जातं, आमच्यात अशीच रीत आहे. पण मनात माझ्या होतं, का खोटं बोलू. ही तोडी ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाईल, आणि गुरुजींच्या नावाखाली का होईना, माझ्या दोन ओळी तिच्यासोबत जातील. मला तेवढं हवं होतं. अंतरा शिकवताना मी प्रोफेसरांवर एकदाही खेकसले नाही. त्यांना तो दोन सकाळींत आला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, की इतक्या लवकर येतंय म्हणजे काहीतरी बिनसलंय.

तो रविवार आला. बातमी पसरली होती, त्यामुळं सतरंजी कमी पडली. प्रोफेसर गाणार आणि तेही नळवाल्याची तोडी, म्हणून गंमत बघायला लोक आले होते. बँकेतले साहेब तर पुढंच बसले. प्रोफेसरांच्या मिसेस सुद्धा आल्या, आधी कधी आल्या नव्हत्या. मी भिंतीला टेकून बसले, बरोबर समोर, म्हणजे घाम फुटला तर मला आधी दिसावा. माझं सगळं ठरलेलं होतं. त्यांनी चुकायचं आणि सगळ्यांनी बघायचं, की गुरुजींची सम ह्या विद्वानाला झेपत नाही. किंवा त्यांनी नीट गायचं आणि सगळ्यांनी बघायचं, की नाव ठेवणाऱ्याचंच तोंड कसं बंद झालं. दोन्हीकडून माझीच जीत होती.

वकीलसाहेबांनी ठेका धरला. प्रोफेसरांनी 'नल पो' म्हटलं तेव्हा मागून कुणीतरी खिदळलं. 'कब सूं' म्हटलं आणि ते थांबले. वकीलसाहेबांचा समेवरचा धा एकटा पडला. त्यांनी चमकून वर बघितलं, एवढी वर्षं त्यांना समेवर कुणी एकटं सोडलेलं नव्हतं. मग 'खडी' आलं. दुसऱ्या आवर्तनाला कुणी हसलं नाही. चौथ्या-पाचव्याला अशी गत झाली, की सम जवळ आली की सगळी खोली श्वास धरायची. बँकेतल्या साहेबांचा घास हातात राहिला. गुरुजींच्या तोडीपुढं परभणीतली माणसं गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघितली. मागच्या रांगेत बादली वाजवणारा तो जो कोण होता, तो तिथं असावा असं मला फार वाटलं. कान धरून बसवला असता त्याला.

मग अंतरा. प्रोफेसर वरच्या षड्जावर गेले, सुरात गेले, काही चुकलं नाही. बँकेतले साहेब 'वा' म्हणाले. ते सगळ्यालाच म्हणतात.  माझा अंतरा, भर बैठकीत.

संपलं. वकीलसाहेबांनी तबल्यावर हात आडवे ठेवले आणि म्हणाले, "सर, गाऊन झालं. आता कायद्याप्रमाणं तुमाला हक्क आला. ठेवायचं असेल तर नाव ठेवा."

मी सरसावून बसले. हीच ती वेळ होती, ज्यासाठी मी बादल्या उचलायला लावल्या होत्या.

प्रोफेसर घाम पुसत होते. म्हणाले, "मी त्या दिवशी जे म्हटलं ते मागं घेतो. समेवर काय टाकावं हे सुचलं नाही म्हणून मोकळी सोडलेली न्हाई ती. ही स्थायी करणारा माणूस मोठाच होता. मी इतकं ऐकलंय, असं दुसरीकडं ऐकलेलं न्हाई. आपल्या गावात होता आणि आपण त्याला नळवाला म्हटलं. मीच म्हटलं." मग माझ्याकडं वळले. "पण ताई, एक विचारू का? राग मानू नका. हा अंतरा कुणाचा हाय?"



"म्हणजे बघा," ते बैठकीकडं वळून सांगायला लागले, आणि त्यांच्यातला प्रोफेसर जागा झाला, तो आता काही केल्या थांबणार नव्हता. "जो माणूस स्थायीत समेवर गप्प बसतो, तो अंतऱ्यात दर समेवर शब्द आणून कसा काय आदळेल? त्याला स्वतःचीच खुबी कळली न्हाई असं होईल का? आणि ही बाई स्थायीत दखनी बोलायलीय, आपल्या गल्लीतली बाई हाय. अंतऱ्यात ती एकदम मथुरेला कशी गेली? आणि रडायला कशाला लागली? नळावर उभी राहिलेली बाई रडत नसती. तिला आपला नंबर जातो का काय ह्याची काळजी असती. स्थायीतली बाई नळावर उभी हाय. अंतऱ्यातली स्टेजवर."

लोक हसले. चांगल्या मनानं हसले, नेहमीसारखे. प्रोफेसरांच्या मिसेससुद्धा हसल्या. माझ्या अंगाची मात्र आग झाली. उठावं आणि तानपुऱ्याच्या तारा तोडाव्यात असं वाटलं. ह्या माणसाला मी गंधार लावायला शिकवलं, ह्या माणसाला मी गप्प बसायला शिकवलं, आणि माझ्याच तालमीनं त्याचे कान इतके तयार झाले, की त्यानं पहिल्या झटक्यात मलाच शोधून काढलं. आणि वाईट हे, की तो बोलत असतानाच मला कळत होतं, खरं आहे. मी पण नळावर उभी राहिलेली आहे. मी कधी रडले नाही. मी भांडले.

वकीलसाहेबांना काहीतरी अंदाज आला असावा. त्यांनी हळू विचारलं, "ताई, अंतरा गुरुजींचाच ना?"

'हो' म्हटलं असतं तर विषय संपला असता. पुरावा कुणाकडं नव्हता. माझ्या दोन ओळी बंदिशीत राहिल्या असत्या, जन्मभर, माझ्यानंतरही. लोकांनी म्हटलं असतं, गुरुजींची स्थायी बाप, अंतरा कच्चा. चालतं, मोठ्या मोठ्यांचं असं होतं. पण आत्ता कुठं, इतक्या वर्षांनी, ह्या शहरानं त्यांना रचनाकार म्हटलं होतं. तसं म्हटल्याला काही वेळही झाला नव्हता, आणि लगेच त्यांच्या नावापुढं 'पण' लागणार होतं. ते पण माझ्यामुळं.

मी प्रोफेसरांकडं बघत राहिले. हा माणूस दुसऱ्याचं काही चुकलं की इतका खूष होतो, की त्याला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. खुशीत माझ्याकडं बघत होता, उत्तराची वाट बघत.

"माझा आहे," मी म्हटलं. जेवढं तिखट म्हणता येईल तेवढं तिखट म्हटलं. "गुरुजींनी अंतरा केलाच नव्हता. त्यांचं जेवढं होतं तेवढं त्यात काही कमी नाही. कमी आहे ते माझं."

 प्रोफेसरांचा चेहरा उतरला, तेव्हा कुठं त्यांना काय झालं ते कळलं. "अरे, ताई, मला ठाऊक नव्हतं, तसं न्हाई, अंतरा सुरात लय गोड हाय," असं काहीबाही बोलायला लागले. मी म्हटलं, "सर, लाज वाटू देऊ नका. तुम्ही गायलात, मग नाव ठेवलंत. कायद्यात बसतंय. तो कायदा मीच लावला होता तुम्हाला." वकीलसाहेबांनी मान खाली घातली.

मग मीच म्हटलं, "पुन्हा म्हणा. नुसती स्थायी."

त्यांनी म्हटली. पहिल्यापेक्षा चांगली म्हटली, कारण आता त्यांना कुठं चढायचं नव्हतं. फिरून फिरून तिथंच यायचे, 'कब सूं' म्हणायचे आणि थांबायचे, आणि सगळी खोली त्यांच्याबरोबर थांबायची. किती तरी वेळ चाललं ते. ती बाई नळावर उभीच राहिली आणि पाणी आलंच नाही, आणि ते तसंच बरोबर होतं. अंतऱ्याची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. मलाही झाली नाही, आणि ह्यासाठी मी प्रोफेसरांना अजून माफ केलेलं नाही.